थांबणाऱ्यांनाही एकदा विचारा : महाविद्यालयांच्या शिस्त समित्यांना खुले पत्र

प्रति,
महाविद्यालयांच्या शिस्त समित्या, वसतिगृहांचे अधीक्षक आणि विद्यार्थी कल्याण विभाग

विषय : दारूबद्दलचे नियम ठरवताना बेताने पिणाऱ्या विद्यार्थ्यांचं म्हणणं ऐकून घेण्याबाबत

महोदय, महोदया,

दरवर्षी सत्र सुरू झालं की आम्हाला सभागृहात बसवून दारूचे दुष्परिणाम सांगितले जातात. पडद्यावर एका बाजूला निरोगी यकृत, दुसऱ्या बाजूला कडक होत गेलेलं यकृत, मग अपघातात चेंदामेंदा झालेली गाडी आणि शेवटी सगळ्यांनी उभं राहून शपथ. त्याच वेळी मागच्या रांगांमध्ये शनिवारी कुठे बसायचं ते ठरत असतं. वक्ते खोटं काही सांगत नाहीत. पण चाळिशीनंतर बिघडणाऱ्या यकृताचा धाक एकोणिसाव्या वर्षी सहसा कुणाला बसत नाही, आणि ज्याला बसतो तो बहुधा मुळातच पीत नसतो.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मद्यपान संशोधन संस्थेने २००२ साली महाविद्यालयांमधल्या पिण्यावर एक मोठा अहवाल काढला. कोणते उपाय लागू पडतात आणि कोणते नाहीत, याची त्यात प्रतवारी केली होती. नुसती माहिती देणारे, जनजागृतीचे कार्यक्रम सगळ्यात खालच्या पायरीवर होते. दुसऱ्या कशाची जोड न देता ते केले तर उपयोग होत नाही, असा स्पष्ट शेरा होता. त्याला वीस वर्षं उलटून गेली. व्याख्यान आणि शपथ चालूच आहे.

ते चालू राहू दे, माझी तक्रार नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. तुमच्या नोंदवहीत दोनच प्रकारचे विद्यार्थी असतात, न पिणारे आणि पिऊन सापडलेले. पहिल्यांचं तुम्ही कौतुक करता, दुसऱ्यांच्या पालकांना बोलावता. मधे एक भलामोठा घोळका आहे, त्याची नोंद कुठेच नाही. ही मुलं कधीतरी पितात, एक-दोनवर थांबतात, परीक्षेच्या महिन्यात हात लावत नाहीत, एखाद्या रात्री सगळ्यांच्यात बसूनही नुसत्या सोड्यावर वेळ काढतात. ती थांबतात कशी आणि का, हे त्यांना तुमच्यापैकी कुणी विचारल्याचं माझ्या ऐकिवात नाही. मी या घोळक्यातलीच आहे. वसतिगृहात राहते, पदव्युत्तर वर्गात शिकते आणि आमच्या मजल्यावर रात्री-अपरात्री ज्या दारावर टकटक होते ते दार माझं आहे.

थांबण्याची तयारी ग्लास हातात यायच्या आधीच सुरू होते. पोटभर जेवून निघायचं, ही सगळ्यात जुनी युक्ती. तिच्यामागे साधं शरीरशास्त्र आहे. दारू रक्तात मिसळते ती मुख्यतः लहान आतड्यातून. पोटात अन्न असलं की ती जठरात जास्त वेळ अडकून राहते आणि सावकाश पुढे सरकते. तेवढीच दारू, तोच माणूस, पण रिकाम्या पोटी चढते तितकी चढत नाही. दुसरी युक्ती पैशांची. ठरलेली रक्कम खिशात ठेवायची आणि कार्ड खोलीतच सोडायचं. तिसरी वेळेची. उशिरा जायचं किंवा लवकर उठायचं. लवकर उठणाऱ्याला दोन-चार टोमणे ऐकावे लागतात, तेवढंच.

खरी कसरत तिथे बसल्यावर. कुणाच्याही हातातला ग्लास रिकामा दिसला की दुसरा कुणीतरी तो भरतो. हा अशा बैठकीचा न सांगितलेला नियम आहे आणि त्यात कुणाचा वाईट हेतू नसतो. म्हणून शहाणी मुलं ग्लास रिकामा होऊच देत नाहीत. माझी एक मैत्रीण अख्खी संध्याकाळ एका ग्लासावर काढते. बर्फ वितळतो, रंग फिका पडत जातो, ती ओठ टेकवल्यासारखं करून ग्लास खाली ठेवते. बाटली घेऊन कुणी आलं की तळहात ग्लासावर ठेवते आणि चालू असलेलं वाक्य न तोडता बोलत राहते. ‘नको’ हा शब्द तिच्या तोंडून निघतच नाही. नको म्हटलं की समोरच्याला आग्रह करायला जागा मिळते, हे तिला पक्कं ठाऊक आहे. आमच्या वर्गातल्या एका मुलाची तऱ्हा उलटी. तो स्वतःच बाटली हातात घेऊन सगळ्यांना ओतत फिरतो. ओतणाऱ्याला ‘घे की’ असं कुणी म्हणत नाही. यजमान झाल्यासारखा मान मिळतो आणि हा गडी कोरडा राहतो.

अर्ध्या ग्लासात वरून ओतलं की मोजणी बिघडते, म्हणून संपल्याशिवाय भरू द्यायचा नाही. बाटलीतून पिणारे झाकणं खिशात टाकतात. चौथं झाकण हाताला लागलं की कळतं. एक दारूचा, एक पाण्याचा, अशी पाळी लावणारे आहेत. पाणी-सोडा न मिसळता घ्यायची नाही, ‘बॉटम्स अप’ म्हणत ग्लास एका दमात रिकामा करायची वेळ आली की पाणी प्यायला उठायचं, हरणाऱ्याने प्यायचं असले खेळ सुरू झाले की गॅलरीत जायचं. खेळात किती प्यायचं ते फासे ठरवतात, आपण नाही. आणि सगळ्यात बिनतोड उत्तर म्हणजे ‘आज गाडी माझ्याकडे आहे.’ त्यावर कुणी वाद घालत नाही. हे उत्तरसुद्धा आपोआप रुळलेलं नाही बरं का. १९८८ साली हार्वर्डमधल्या एका प्रकल्पाने दूरचित्रवाणीच्या लेखकांना आणि निर्मात्यांना गाठून, चालवणाऱ्याने त्या रात्री प्यायची नाही ही कल्पना मालिकांच्या संवादांमध्ये पेरायला लावली होती. भाषण न देता केलेलं काम होतं ते, आणि टिकलं.

या सगळ्या युक्त्या आमच्याच कल्पकतेतून आल्यात असं मी म्हणत नाही. विद्यार्थी स्वतःला कसं सांभाळतात यावर मानसशास्त्रात बराच अभ्यास झाला आहे. २००५ साली मार्टेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा पंधरा युक्त्यांची एक प्रश्नावली तयार केली आणि तिचे तीन गट पाडले. थांबण्याच्या आणि मर्यादा घालण्याच्या युक्त्या, पिण्याच्या पद्धतीच्या युक्त्या, आणि मोठी हानी टाळण्याच्या, म्हणजे घरी सुखरूप कोण पोहोचवणार आणि आपला ग्लास नजरेआड होऊ द्यायचा नाही, अशा. पुढच्या अभ्यासांत मधल्या गटाचा, म्हणजे पद्धतीचा, कमी पिण्याशी असलेला संबंध जास्त सातत्याने दिसला. मला ते पटतं. ‘दोनच घेणार’ हा आकडा दुसऱ्या ग्लासानंतर ढिला होतो, कारण हिशेब ठेवणारं डोकंच तोवर सैल झालेलं असतं. ‘खेळ खेळणार नाही, पाणी-सोडा न मिसळता घेणार नाही’ हे पाळायला हिशेब लागत नाही.

आता का थांबतात ते. यकृतासाठी थांबतो असं म्हणणारं मला अजून कुणी भेटलेलं नाही. सकाळी आठचं प्रॅक्टिकल असतं. रविवारी सामना असतो. खेळणाऱ्या मुलांना हे बरोबर माहीत असतं की प्यायल्यावर झोप लवकर लागते पण उत्तररात्री मोडत राहते, आणि सकाळी पाय चालत नाहीत. रात्री घरून फोन येतो आणि आईला आवाजावरून कळतं. झोपेची किंवा ॲलर्जीची गोळी चालू असते आणि दोन्ही मिळून गुंगी वाढते. कुणाला चवच आवडत नाही, आणि हे कारण सगळ्यात कमी वेळा खरं खरं सांगितलं जातं. कुणीतरी मोबाईल काढून चित्रीकरण करेल ही धास्ती तर आमच्या पिढीची खास. पूर्वी फजिती चार लोकांत राहायची.

मुलींची कारणं वेगळी असतात आणि ती त्या मोठ्याने बोलत नाहीत. तेवढ्याच दारूने बाईच्या रक्तातलं प्रमाण सहसा जास्त चढतं, कारण शरीरातलं पाण्याचं प्रमाण कमी असतं. पण माझ्या मैत्रिणी शरीरशास्त्राचा विचार करून थांबत नाहीत. परत जाताना सोबत कोण आहे, तो स्वतः किती प्यायला आहे, दाराची कडी आतून लागते का, या हिशेबात त्यांची संध्याकाळ जाते. त्या कमी पितात ते सावध राहण्यासाठी. याला संयम म्हणून शाबासकी देऊ नका. ज्या दिवशी मुलांनाही तेवढीच काळजी करावी लागेल किंवा मुलींना करावी लागणार नाही, त्या दिवशी बघू.

आणि काहींच्या घरात पिणारा माणूस असतो. अशी मुलं बहुधा एका टोकाला जातात असं समजलं जातं, पण मी त्यांच्यात मधले बरेच पाहिलेत. ती दारूला घाबरत नाहीत, स्वतःला घाबरतात. एका मुलाने मला सांगितलं की तो एकटा असताना कधीच पीत नाही, कितीही आनंद झाला तरी आणि कितीही दुःख झालं तरी. वडिलांची सुरुवात कुठून झाली हे त्याने पाहिलं होतं. त्याला कुणी समुपदेशकाने हा नियम दिलेला नव्हता.

आदल्या रात्रीतलं आठवत नाही ही भीतीही मोठी असते. रक्तातलं प्रमाण झपाट्याने वाढलं की मेंदूतला हिप्पोकॅम्पस नव्या आठवणी साठवणं थांबवतो. माणूस बोलतो, चालतो, भांडतो, निरोपही पाठवतो, पण त्यातलं काही नोंदलंच जात नाही. म्हणून ते नंतर कितीही आठवायचा प्रयत्न केला तरी येत नाही. आपण काय बोललो ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्याची लाज एकदा वाट्याला आली की बरेच जण आपोआप आवरतात.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, मग बरंच आहे की, मुलं स्वतःच शहाणी आहेत. अडचण अशी की या शहाणपणाला दोन ठिकाणी गळती आहे, आणि एका ठिकाणची तुम्ही पाडलेली आहे.

पहिली गळती मापाची. ‘एक’ म्हणजे किती, हे आम्हाला माहीत नसतं. पिणं धोक्याचं आहे का हे तपासणारी जागतिक आरोग्य संघटनेची जी दहा प्रश्नांची चाचणी आहे तिच्यात एका मापात १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल धरतात. ब्रिटनमध्ये एक युनिट ८ ग्रॅमचं, अमेरिकेत एक माप १४ ग्रॅमचं. आता बघा, ४० टक्क्यांच्या दारूचे ३० मिलिलिटर म्हणजे साधारण साडेनऊ ग्रॅम. ५ टक्क्यांच्या बिअरची ३३० मिलिलिटरची बाटली म्हणजे १३ ग्रॅम, आणि तेवढीच बाटली ८ टक्क्यांची असेल तर जवळजवळ २१ ग्रॅम. म्हणजे ‘मी फक्त दोन बिअर घेतल्या’ असं म्हणणाऱ्या दोघांच्या पोटात दीडपटीहून जास्त फरक असू शकतो आणि दोघंही प्रामाणिक असतात. खोलीवर तर मापच नसतं. अंदाजाने ओततात. ड्यूक विद्यापीठात विद्यार्थ्यांना एक माप ओतून दाखवायला सांगितलं तेव्हा त्यांनी जास्तच ओतलं, आणि पेला जितका मोठा तितकं आणखी जास्त.

शरीर दारू जाळतं ती ठरलेल्या गतीने, तासाला सरासरी ७ ते १० ग्रॅम. कॉफी प्या, थंड पाण्याने अंघोळ करा, उलटी काढा, ही गती वाढत नाही. जे रक्तात गेलं ते आपल्या वेळेनेच उतरतं. उत्तेजक पेयांत मिसळून घेतली तर आणखी फसगत होते, कारण कॅफिनमुळे झोप उडते, नशा तेवढीच राहते आणि माणसाला वाटतं आपल्याला काही झालेलं नाही. एवढी माहिती मात्र आमच्या कामाची आहे आणि सभागृहातल्या व्याख्यानात ती कधीच नसते. कदाचित तुम्हाला वाटत असेल की माप शिकवणं म्हणजे प्यायला शिकवणं. पण आम्ही मोजतोच आहोत, चुकीचं मोजतोय.

दुसरी गळती घाईची. वर सांगितलेल्या जवळजवळ सगळ्या युक्त्या एकाच गोष्टीवर उभ्या आहेत, ती म्हणजे सावकाशपणा. आणि तुमच्या नियमांचा सगळा जोर घाईवर आहे. फाटक ठरलेल्या वेळी बंद होतं, म्हणून त्याआधी उरकायचं असतं. खोलीत बाटली सापडली तर निलंबन, म्हणून बाटली उरवायची नसते. जे उरेल ते कुणालातरी संपवावंच लागतं. तपासणीला कुणी येतंय अशी कुणकुण लागली की आहे ते घटाघट घशाखाली जातं. वास येईल म्हणून बिअर टाळून कडक दारू घेतली जाते, कारण ती थोडक्यात काम करते आणि पिशवीत लपते. कार्यक्रमात मिळणार नाही म्हणून खोलीवरूनच पिऊन निघायचं, तेही तासाभरात. ज्याला चार तासांत दोन घ्यायचे होते तो पाऊण तासात तीन घेतो.

हे मी नव्याने शोधलेलं नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात ऑस्ट्रेलियातल्या बऱ्याच राज्यांनी आणि न्यूझीलंडने दारूचे गुत्ते संध्याकाळी सहाला बंद करायचा कायदा केला. हेतू चांगला होता, माणसं वेळेवर घरी जावीत. काम सुटायचं पाचला. मग पाच ते सहा या एका तासात लोक उभ्या उभ्या, धक्काबुक्की करत, मिळेल तितकं ढोसायला लागले. न्यू साउथ वेल्समध्ये हा कायदा १९१६ पासून १९५५ पर्यंत टिकला, न्यूझीलंडमध्ये १९१७ पासून १९६७ पर्यंत. ती तासाभराची झुंबड तिथल्या लोकांच्या बोलण्यात अजून निघते. वसतिगृहाचं फाटक हे त्याच कायद्याचं छोटं रूप आहे. फाटक सताड उघडं टाका असं मी म्हणत नाही, सुरक्षेचं मलाही कळतं. पण उशिरा येणाऱ्याची सही घेऊन त्याला आत घेणं आणि उशिरा आला म्हणून रात्रभर बाहेर ठेवणं यात फार अंतर आहे, आणि ते अंतर थेट ग्लासाच्या वेगात उतरतं.

एक गोष्ट आमच्या बाजूचीही सांगते. आम्ही एकमेकांबद्दल चुकीचे अंदाज बांधतो. १९८६ साली पर्किन्स आणि बर्कोविट्झ यांनी एका अमेरिकन महाविद्यालयात पाहणी केली, तेव्हा असं दिसलं की इतर विद्यार्थी पिण्याबद्दल जेवढे बेफिकीर आहेत असं मुलांना वाटतं, तेवढे ते प्रत्यक्षात नसतात. १९९३ साली अमेरिकेतल्याच प्रिन्स्टन विद्यापीठात प्रेन्टिस आणि मिलर यांनाही हेच आढळलं. प्रत्येकाला वाटत होतं, या पिण्याने अस्वस्थ होणारा मी एकटाच, बाकी सगळे मजेत आहेत. शिवाय तिथल्या मुलग्यांची स्वतःची मतं सत्रभरात हळूहळू त्या कल्पित बहुमताकडे सरकली, मुलींची सरकली नाहीत. म्हणजे खोलीतल्या दहापैकी सातजणांना थांबायचं असतं आणि ते सातही जण उरलेल्यांना बहुमत समजून चालू ठेवतात. ग्लासावर हात ठेवणारी ती माझी मैत्रीण इतकी सफाईदार आहे की ती थांबलीये हे कुणाला कळतच नाही. तिच्या युक्तीचा हा तोटा. दंगा करणारा सगळ्यांना दिसतो, थांबणारा दिसत नाही.

इथे तुमचा हात लागू शकतो. तुमच्याच महाविद्यालयात नाव न विचारता, शिक्षा होणार नाही अशी लेखी हमी देऊन पाहणी करा आणि जो आकडा येईल तो आहे तसा सूचनाफलकावर लावा. दुसऱ्या महाविद्यालयाचा आकडा नको. आकडा वाईट आला तरी लावा, नाहीतर पुढच्या वर्षी कुणी खरं लिहिणार नाही. आणि ‘शेजारच्याला काय वाटतं असं तुम्हाला वाटतं?’ हा प्रश्नही त्यात घाला. दोन उत्तरांमधली तफावत बघून आमच्यातल्या बऱ्याच जणांना हायसं वाटेल.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र खरं तर लिहायला घेतलं तिच्याकडे येते. पहिल्या वर्षाच्या एका मुलीला रात्री उठवता येईना. तिच्या खोलीतल्या दोघी माझ्या दारात उभ्या होत्या आणि पहिलं वाक्य होतं, ‘ताई, अधीक्षकांना सांगू नका.’ मैत्रीण शुद्धीवर येत नाहीये हे दुसरं वाक्य होतं. तिला कुशीवर वळवलं, श्वास मोजला, रुग्णवाहिका बोलावली, ती वाचली. नंतर चौकशी झाली. पिणाऱ्या मुलीला शिक्षा झालीच, पण मला बोलवायला आलेल्या दोघींनाही झाली, त्याच खोलीत होत्या म्हणून. त्या दोघी गुपचूप झोपून राहिल्या असत्या तर त्यांचं काही बिघडलं नसतं. आमच्या मजल्यावर त्यातून मुली काय शिकल्या असतील ते समितीला सांगायची गरज नसावी.

दारूची विषबाधा झोपेसारखी दिसते, म्हणूनच घात होतो. हलवून जाग येत नसेल, मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास असतील, दोन श्वासांमध्ये दहा सेकंदांहून मोठी फट पडत असेल, ओठ किंवा नखं निळसर, अंग गार, झोपेतच उलटी, यातलं काहीही दिसलं तर थांबायचं नसतं. ‘झोपू दे, सकाळी उतरेल’ हे वाक्य धोक्याचं आहे, कारण शेवटचा ग्लास पोटात गेल्यावरही काही काळ रक्तातलं प्रमाण वाढतच राहतं. पाठीवर झोपवून निघून जाणं सगळ्यात वाईट, उलटी श्वासनलिकेत जाते. हे आमच्या प्रत्येक खोलीच्या दारामागे लावलेलं हवं. सध्या तिथे दंडाची रक्कम लावलेली आहे.

कॉर्नेल विद्यापीठाने २००२ साली एक साधा नियम केला. जीव धोक्यात असताना मदत बोलावणाऱ्यावर आणि जिच्यासाठी ती बोलावली तिच्यावर शिस्तभंगाची कारवाई नाही. त्याऐवजी त्या विद्यार्थ्याला आरोग्य केंद्रात समुपदेशनाला यावं लागेल. दोन वर्षांत असं दिसलं की ‘मित्र अडचणीत येईल’ म्हणून फोन टाळणाऱ्यांचं प्रमाण घटलं, आणि अशा घटनेनंतर समुपदेशनापर्यंत पोहोचणारे विद्यार्थी २२ टक्क्यांवरून ५२ टक्क्यांवर गेले. माफी दिल्याने मुलं सुटली नाहीत. उलट आधी जी हाती लागत नव्हती ती लागली.

थांबणाऱ्यांबद्दल इतकं लिहिलं म्हणून सगळेच थांबू शकतात असा अर्थ काढू नका. १९९४ साली मानसशास्त्रज्ञ कूपर यांनी पिण्यामागच्या हेतूंचे चार प्रकार मांडले होते. चारचौघांत मिसळण्यासाठी, मजा वाढवण्यासाठी, इतरांत वेगळं पडू नये म्हणून आणि दुःख विसरण्यासाठी. या शेवटच्या हेतूने पिणाऱ्याला माझ्या मैत्रिणीच्या युक्त्या सांगून काही होत नाही. त्याला कमी चढायलाच नको असतं. तो रांगेत सगळ्यात शांत असतो, खोलीत एकटा घेतो, आणि तुमच्या तपासणीत क्वचितच सापडतो, कारण तो आवाज करत नाही. त्याला माणूस हवा. वॉशिंग्टन विद्यापीठात ॲलन मार्लॅट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांसाठी दोन भेटींचा एक छोटा कार्यक्रम बसवला, १९९९ साली त्याची पुस्तिका निघाली. त्यात उपदेश नाही. विद्यार्थ्याने स्वतः नोंदवलेलं पिणं, इतरांचं प्रत्यक्ष पिणं, त्याला स्वतःला नको असलेले परिणाम, हे त्याच्यापुढे मांडायचं आणि पुढे काय ते त्यालाच बोलू द्यायचं. असे कार्यक्रम त्या २००२ च्या अहवालात वरच्या पायरीवर होते. याच मार्लॅट यांनी प्रयोगशाळेत चक्क बार उभारला होता. तिथे दारू नसलेलं पेय दारू समजून प्यायलेली मुलंही बरळायला लागायची. व्याख्यानाऐवजी हा किस्सा कुणी सांगितला तर मागची रांगसुद्धा ऐकेल.

ज्यांना मुळीच प्यायची नाही त्यांनाही तुमच्या शाबासकीपेक्षा जागा जास्त हवी आहे. रात्री दहानंतर उघडं असलेलं वाचनालय, खेळाची खोली, निदान एक दिवा चालू असलेला व्हरांडा. शनिवारी रात्री आमच्याकडे जाण्यासारखी दुसरी जागाच नसते. कंटाळा आला म्हणून बैठकीत येऊन बसणारे आणि मग हातात ग्लास येणारे मी खूप पाहिलेत.

कायद्याने वयाची अट आहे तिथे ती आहे, आणि ती मोडायला परवानगी मागण्यासाठी हे पत्र नाही. थोडी दारू तब्येतीला चांगली असा दावाही मी करत नाही. आरोग्याच्या दृष्टीने पूर्णपणे सुरक्षित असं दारूचं कोणतंही प्रमाण नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट सांगितलं आहे. पण नियमाच्या पुस्तकात शून्य लिहिल्याने खोलीत शून्य होत नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. तुमच्यापैकी बरेच जण याच वसतिगृहांमध्ये राहिलेले आहेत.

तेव्हा मागणी एवढीच. मदत बोलावणाऱ्याला आणि जिच्यासाठी बोलावली तिला शिक्षा होणार नाही, हा नियम लेखी करा आणि प्रवेशाच्या कागदांबरोबर द्या. दारामागची दंडाची पाटी काढून तिथे धोक्याची लक्षणं आणि रुग्णवाहिकेचा क्रमांक लावा. उशिरा येणाऱ्याला आत घ्या, जाब सकाळी विचारा. पाहणी करा आणि आकडा लावा. समुपदेशक आठवड्यातून एक दुपार येतात, ती वेळ संध्याकाळची करा, दुपारी आम्ही वर्गात असतो. आणि नियम बदलायला बसाल त्या बैठकीला विद्यार्थ्यांमधून कुणाला बोलवायचं असेल, तर भाषणात पहिला आलेल्याबरोबर एक कधीतरी पिणारा आणि वेळेवर थांबणारा विद्यार्थीही बोलवा. त्याला नाव नोंदवायला लावू नका, नाहीतर तो येणार नाही.

त्या दोघींवरची कारवाई अजून मागे घेतलेली नाही. सुरुवात तिथून केलीत तर बाकीच्या मुद्द्यांवर बोलायला मी कधीही येईन.

आपली,
वसतिगृहात राहणारी एक विद्यार्थिनी